चहाचा हिशेब आहे, थेट प्रक्षेपणाचा नाही

२० मे २०२४ हा महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदानाचा शेवटचा दिवस. मुंबईच्या सहा जागांसह राज्यातल्या १३ मतदारसंघांत लोक रांगा लावून उभे होते. १७ तारखेला शिवाजी पार्क आणि बीकेसीवर मोठ्या सभा झाल्या आणि १८ च्या संध्याकाळी प्रचाराच्या तोफा थंडावल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात सभा घेता येत नाही, मिरवणूक काढता येत नाही आणि निकालावर परिणाम करू शकेल असा मजकूर दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. तिन्ही बंधनं एकाच कलमात आहेत. पहिली दोन मुंबईत काटेकोर पाळली गेली. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत खिशाला चिन्हाचा बिल्ला लावून कुणी आला तर पोलीस त्याला हटकत होते. पण त्याच सकाळी ओडिशात पुरीला पंतप्रधानांचा रोड शो झाला, पुढे ढेंकानाल आणि कटकला सभा झाल्या, आणि वृत्तवाहिन्यांनी त्या देशभर दाखवल्या. मतदानाला निघालेला मुंबईकर घराबाहेर पडेपर्यंत प्रचार पाहू शकत होता.

यात वाहिन्यांनी कायदा मोडला असं सहजी म्हणता येत नाही, आणि अडचण तिथेच आहे. सभा ओडिशातल्या होत्या आणि तिथे प्रचाराला मुभा होती. मतदान १९ एप्रिल ते १ जून असं ४४ दिवस, सात टप्प्यांत चाललं. प्रत्येक टप्प्याला देशाच्या एका भागात प्रचारबंदी आणि दुसऱ्या भागात रणधुमाळी. मतदारसंघाची हद्द टीव्हीला कुठून कळणार? २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी पंतप्रधान केदारनाथला गेले. २०२४ मध्ये ते ३० मेपासून कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकावर ध्यानाला बसले. १ जूनला मतदान होणाऱ्या वाराणसीचे ते स्वतः उमेदवार होते. दोन्ही वेळा कॅमेरे होते, दृश्यं तासन्‌तास फिरत राहिली आणि विरोधकांच्या तक्रारी निवडणूक आयोगाकडे गेल्या. माणसाने देवाला जाऊ नये असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण एका उमेदवाराची मूक दृश्यं प्रचारबंदीच्या काळात दिवसभर दाखवली जातात आणि बाकीचे उमेदवार पडद्यावरून गायब असतात, याला समान संधी म्हणायला माझं मन तयार होत नाही. कलम १२६ चा फेरविचार करायला आयोगाने २०१८ मध्ये समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१९ च्या जानेवारीत आला. कलम तसंच राहिलं.

वाहिन्यांच्या पक्षपातावर आपल्याकडे जी भांडणं होतात ती बहुतेक माणसांवरून होतात. अमका अँकर विकला गेला, तमकं चॅनेल त्यांचंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडिया’ आघाडीने १४ निवेदकांच्या कार्यक्रमांत प्रवक्ते पाठवायचे नाहीत असं जाहीर केलं आणि त्यांची यादीच प्रसिद्ध केली. त्यामागचा राग मला कळतो. रोज रात्री नऊ वाजता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायला कोण जाईल? तरीही ती यादी मला चुकीची वाटली. राजकीय पक्षांनी पत्रकारांना नावं घेऊन वाळीत टाकायची प्रथा एकदा पडली की उद्या सत्ताधारीही तेच करतील, आणि त्यांच्या हातात बहिष्काराहून मोठी हत्यारं असतात. शिवाय निवेदक बदलला तरी पडद्यावरच्या वेळेचं वाटप बदलत नाही. म्हणून हे भांडण माणसांवरून मिनिटांवर आणावं असं माझं म्हणणं आहे. प्रचाराच्या काळात कोणत्या पक्षाला कोणत्या वाहिनीवर किती वेळ मिळाला हे मोजावं, आणि निवडणूक चालू असतानाच रोजच्या रोज जाहीर करावं.

मोजण्याची आपल्याला सवय नाही असं नाही. निवडणूक लागली की प्रत्येक जिल्ह्याचं निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं. त्यात चहा, वडापाव, मिसळ, जेवणाचं ताट यांचे दर असतात. खुर्चीचं भाडं, मंडपाचा चौरस फुटाचा दर, हार, फेटे, ढोल-ताशा, ध्वनिक्षेपक, जीप, सगळं असतं. सभेला पथक जातं आणि व्हिडिओ काढतं. दुसरं पथक तो व्हिडिओ पाहून खुर्च्या, कमानी आणि गाड्या मोजतं. उमेदवाराने दाखवलेला खर्च आणि पथकाने मोजलेला खर्च ताडून पाहिला जातो, कारण लोकसभेला मोठ्या राज्यांत उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. चहाचे कप कमी दाखवले म्हणून नोटीस निघू शकते. जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीचा कक्ष असतो. तिथे कर्मचारी टीव्ही लावून बसतात, वर्तमानपत्रं चाळतात आणि पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीचा, संशय आला की नोंद करतात. ही व्यवस्था उभी राहिली त्यात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांमध्ये जे घडलं त्याचा मोठा वाटा आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं होतं. उमेदवाराने किंवा त्याच्या पक्षाने स्वतःच्या मालकीच्या वाहिनीवर प्रचार केला तर वाहिनीच्या दरपत्रकाप्रमाणे त्याची किंमत निवडणूक खर्चात धरावी, अशीही आयोगाची सूचना आहे. म्हणजे पडद्यावरच्या वेळेला किंमत असते हे आयोगाने मान्य केलेलं आहे.

आणि तरीही एखाद्या बड्या नेत्याचं ४० मिनिटांचं भाषण, मध्ये जाहिरातीलाही न थांबता, डझनभर वाहिन्यांवर एकाच वेळी लागतं तेव्हा त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. ती बातमी समजली जाते. गल्लीतल्या अपक्ष उमेदवाराच्या वडापावाचा हिशेब काटेकोर, आणि देशभर पोचणाऱ्या या वेळेचा हिशेब कुणाकडेच नाही, हे मला मनापासून खटकतं.

या थेट प्रक्षेपणाची घडण जवळून पाहिली तर ते आणखी खटकतं. मोठ्या पक्षांच्या सभांचं चित्रीकरण बऱ्याचदा पक्षाची स्वतःची यंत्रणा करते. व्यासपीठासमोर मुख्य कॅमेरा, बाजूला जिबचा लांब दांडा, वर ड्रोन. नियंत्रण कक्षात पक्षाने नेमलेला माणूस बसतो आणि कोणता कॅमेरा कधी लावायचा ते ठरवतो. तयार फीड, म्हणजे सभेचं थेट चित्रण, वाहिन्यांना फुकट मिळतं. वाहिनीला थेट प्रक्षेपणाची गाडी (ओबी व्हॅन) पाठवावी लागत नाही, कॅमेरामन लागत नाही. डेस्कवरच्या मुलाने फीड उचलायचं आणि खाली ठळक पट्टी चालवायची. भाषणात टाळ्यांचं वाक्य आलं की जिबचा कॅमेरा गर्दीवरून फिरतो. मागच्या रिकाम्या खुर्च्या किंवा ऊन सोसवेना म्हणून उठून चाललेले लोक त्यात येत नाहीत, कारण ते दाखवायला कुणी नेमलेलंच नसतं. प्रेक्षकाला मात्र वाटतं की आपण वाहिनीच्या डोळ्यांनी सभा पाहतोय. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात ‘दृश्यं पक्षाने पुरवलेली’ एवढे शब्द सतत असायलाच हवेत. याला कायदाही लागत नाही; संपादकाने ठरवलं तर आज संध्याकाळपासून करता येईल.

२०१४ च्या प्रचारात सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने पाच राष्ट्रीय वाहिन्यांचे रात्री आठ ते दहाचे कार्यक्रम मोजले होते. मार्च-एप्रिलमधल्या त्या वेळेपैकी सुमारे एक तृतीयांश वेळ एकट्या नरेंद्र मोदींना मिळाला होता, अरविंद केजरीवालांना सुमारे १० टक्के आणि राहुल गांधींना सुमारे ४ टक्के. तेव्हा मोदी पंतप्रधान नव्हते, केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं. म्हणजे सत्तेच्या धाकाने वेळ मिळतो एवढंच उत्तर पुरत नाही. लोकप्रियता, फुकटचं फीड, जाहिरातदार, मालकांचे अंदाज असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. यातलं किती काय हे मला सांगता येणार नाही. मोजणी जाहीर झाली तर त्यावर निदान पुराव्यानिशी बोलता येईल.

‘लोकांना पाहायचंय म्हणून आम्ही दाखवतो’ हे वाहिन्यांचं ठरलेलं उत्तर. ते मी सरसकट उडवून लावत नाही. ज्याच्या सभेला गर्दी होते त्याच्या बातम्या जास्त होणारच. पण लोकांना काय पाहायचंय हे ज्या टीआरपीवरून ठरतं तिची अवस्था आठवा. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढल्यावर टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणंच बंद केलं, ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या सुमारे दीड वर्षातही वाहिन्यांचा सूर फारसा बदलला नव्हता. प्रेक्षक मागतो म्हणून हे चालतं, तर मागणी मोजणारं यंत्रच बंद असताना ते कुणाच्या सांगण्यावरून चालत होतं?

दूरदर्शनची गोष्ट वेगळी, कारण ती आपल्या पैशांवर चालते. तिच्या बाबतीत एकाच पक्षाकडे बोट दाखवणं खोटेपणाचं ठरेल. १९७७ मध्ये दिल्लीत जगजीवनराम आणि विरोधकांच्या सभेची गर्दी कमी व्हावी म्हणून त्या संध्याकाळी ‘बॉबी’ लावला गेला होता. लोक तरीही सभेला गेले. राजीव गांधींच्या काळात तिला ‘राजीवदर्शन’ म्हणत. दूरदर्शनला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, अमलात यायला १९९७ उजाडलं. एप्रिल २०१४ मध्ये दूरदर्शनने मोदींची मुलाखत घेतली आणि काही भाग कापून दाखवली. त्या वादात प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी मंडळाच्या सदस्यांना पत्र लिहून, मंत्रालयाकडून हवी ती स्वायत्तता मिळाली नाही अशी खंत व्यक्त केली. कात्री लागली होती ती भाजपच्या नेत्याला. दहा वर्षांनी बाजू उलटली. २०२४ च्या एप्रिलमध्ये, केरळच्या मतदानाला तीन आठवडे असताना, दूरदर्शनने ‘द केरला स्टोरी’ हा चित्रपट दाखवला. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी आणि काँग्रेसने त्याला आक्षेप घेतला होता. पहिल्या टप्प्याच्या तोंडावर डीडी न्यूजचं बोधचिन्ह भगव्या रंगाचं झालं. आणि मे महिन्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आपल्या पक्षाला मिळालेल्या वेळेतलं भाषण ध्वनिमुद्रित करायला गेले तेव्हा त्यांना सरकारविषयीचे काही शब्द गाळायला सांगण्यात आलं. राजवटीला ‘जातीयवादी’ आणि ‘हुकूमशाही’ म्हणायचं नाही, कारभाराची ‘दिवाळखोरी’ न म्हणता ‘अपयश’ म्हणायचं. त्यांच्या भाषणाच्या हिंदी रूपाला मात्र हरकत घेतली गेली नाही, असं त्यांनी सांगितलं.

राजकीय पक्षाला कायद्याने मिळालेली ती काही मिनिटं असतात. मागच्या मतांच्या प्रमाणात वेळ ठरतो, संहिता आधी द्यावी लागते, धर्माविरुद्ध किंवा इतर देशांविरुद्ध बोलू नये असे नियम आहेत. ते नियम मला मान्य आहेत. पण सरकारवरची टीका मवाळ करून घेणं हे नियमांचं पालन नव्हे. सगळ्या वाहिन्यांचे दरवाजे ज्या लहान पक्षांना बंद आहेत त्यांना उरलेल्या एका खिडकीत उभं राहूनही मनातलं बोलता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं. येचुरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले.

खासगी वाहिन्या म्हणतील, आम्ही सरकारी नाही, आम्हाला कुणाचं बंधन नाही. पण १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरींना सार्वजनिक मालमत्ता म्हटलं आहे. त्या खंडपीठावर पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सार्वजनिक मालमत्ता वापरणाऱ्याने तिचा वापर कसा केला एवढं सांगावं, ही अपेक्षा जास्त नाही. सध्या त्यांच्यावर आहे ते स्वनियमन. एखादी वाहिनी चुकली तर वाहिन्यांच्याच संघटनेने नेमलेली समिती जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकते, आणि संघटनेची सदस्य नसलेल्या वाहिनीला तर तेही लागू नाही. या स्वनियमनाला कायद्याचं पाठबळ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या निकालात सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एक लाखाच्या दंडाने काय होणार, असं विचारलं. शिवाय तक्रार, सुनावणी, निकाल यांत महिने जातात. तोवर निवडणूक संपून मंत्री शपथ घेऊन मोकळे झालेले असतात.

फ्रान्समध्ये हे मोजतात. तिथली प्रसारण नियंत्रक संस्था आर्कोम वाहिन्यांकडून प्रत्येक उमेदवाराच्या बोलण्याच्या वेळेचा हिशेब घेते आणि त्याचे तक्ते प्रसिद्ध करते. अध्यक्षीय निवडणुकीच्या आधीच्या काळात वेळ न्याय्य प्रमाणात द्यायचा असतो. म्हणजे मोठ्याला जास्त, लहानाला कमी, पण शून्य कुणालाच नाही. अधिकृत प्रचार सुरू झाला की सर्वांना समान. २०२२ मध्ये १२ उमेदवार होते आणि शेवटच्या दोन आठवड्यांत बाराही जणांना सारखा वेळ द्यावा लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये एरिक झेमूर यांनी अजून उमेदवारी जाहीर केलेली नव्हती, ते एका वाहिनीवर रोज भाष्यकार म्हणून बसत. नियंत्रकाने त्यांचाही वेळ राजकीय म्हणून मोजायला सांगितलं आणि त्यांना तो कार्यक्रम सोडावा लागला. प्रवक्त्याला ‘विश्लेषक’ अशी पट्टी लावून बसवायची युक्ती आपल्याही परिचयाची आहे.

ब्रिटनमध्ये मिनिटांची अशी मोजणी नाही, पण ऑफकॉम हे नियंत्रक निवडणूक चालू असतानाच निकाल देतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हवामान बदलावरच्या चर्चेला बोरिस जॉन्सन आले नाहीत तेव्हा चॅनेल फोरने त्यांच्या जागी बर्फाचा वितळणारा गोळा ठेवला. त्यांच्या पक्षाने तक्रार केली आणि ऑफकॉमने ती काही दिवसांतच, मतदानाच्या आधी, फेटाळली. बर्फाचा गोळा शोभला की नाही यावर दुमत होईल. तक्रारीचा निकाल वेळेत लागला हे मला महत्त्वाचं वाटतं. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार दिला, पंतप्रधान आले नाहीत. त्यांनी त्या प्रचारात ८० च्या आसपास मुलाखती दिल्या, तो त्यांचा हक्क. पण एखाद्या मोठ्या वाहिनीने दोन खुर्च्या मांडून आलेल्याला तासभर कठोर प्रश्न विचारले असते आणि दुसरी खुर्ची रिकामी दाखवली असती, तर ती पत्रकारिता झाली असती. कुणी मांडल्या नाहीत.

मोजणीने सगळं सुटत नाही हे मला ठाऊक आहे. एखाद्या नेत्याची ४० मिनिटं खिल्ली उडवली तर नुसत्या घड्याळात ती त्याच्या खात्यावर जमा दिसतील. म्हणून दोन रकाने वेगळे हवेत: पक्षाचा माणूस स्वतःच्या तोंडून किती बोलला, आणि त्याच्याविषयी इतर किती बोलले. फ्रान्समध्येही केवळ राजकारण्यांचा वेळ मोजून भागत नाही असा आक्षेप होताच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निवेदक आणि भाष्यकार यांच्या बोलण्याचाही विचार करायला नियंत्रकाला सांगितलं.

मोठी भीती वेगळी आहे. नियंत्रणाच्या नावाखाली सरकार वाहिन्यांच्या नरड्यावर पाय ठेवेल, ही शंका निराधार नाही. केरळच्या मीडियावन वाहिनीचा परवाना सुरक्षेच्या कारणावरून नाकारला गेला होता; एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला तेव्हा कुठे तिची सुटका झाली. म्हणूनच हे काम माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे एक दिवसही नको. आणि कोणाला किती वेळ द्या असं वाहिनीला सांगायचंही नाही, कशाला बंदी घालायची नाही. मिनिटं जाहीर करायची, एवढंच. आपल्या मनाने एका पक्षाला ८० टक्के वेळ देणाऱ्या वाहिनीने तो खुशाल द्यावा. तमिळनाडूत जया टीव्ही कुणाचा आणि कलैञर टीव्ही कुणाचा हे प्रेक्षकाला माहीत असतं, आणि तो त्या हिशेबाने पाहतो. आपली बाजू लपवून तटस्थतेचा दावा करणाऱ्यांची पंचाईत व्हायला हवी.

यंत्रणा उभारायलाही फार काही लागत नाही. शेकडो वाहिन्यांचं चोवीस तास ध्वनिचित्रमुद्रण करणारं इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर दिल्लीत २००८ पासून आहे. ते मंत्रालयाच्या हाताखाली आहे. आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत ते आयोगाच्या ताब्यात द्यावं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ पासून कलम ३९अ आहे. केबल आणि इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमांवरच्या वेळेचं न्याय्य वाटप करण्याचा अधिकार ते आयोगाला देतं. प्रत्यक्षात ते दूरदर्शन आणि आकाशवाणीपुरतं उरलं आहे. खासगी वाहिन्यांपुरतं वाटप राहू द्या, त्याच कलमाच्या आधारे निदान हिशेब मागा. आणि बहुटप्पी निवडणुकीत ज्या दिवशी कुठेही मतदान असेल, त्या दिवशी मतदान संपेपर्यंत कोणत्याही पक्षाची सभा थेट दाखवू नये, एवढी एक दुरुस्ती कलम १२६ मध्ये करा. संध्याकाळी बातमी म्हणून खुशाल दाखवा.

आयोग हे करेपर्यंत थांबायची गरज नाही. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठ, राज्यातले पत्रकारितेचे इतर विभाग यांनी पुढच्या निवडणुकीत हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घ्यावं. मराठीतल्या चार-पाच वृत्तवाहिन्या, संध्याकाळी सात ते दहा, प्रत्येकीसमोर दोन विद्यार्थी. पक्ष, बोलणारा, थेट की संपादित, दृश्यं कुणाची, किती सेकंद, एवढे रकाने. नियम आधी जाहीर करावेत, दोघांची नोंद जुळली नाही तर मुद्रण पुन्हा पाहावं, वाहिनीला हरकत घ्यायला एक दिवस द्यावा, आणि तक्ता संकेतस्थळावर लावावा. वाहिन्यांच्या संपादकांनाही तो पाठवावा, उत्तर द्यायचं असेल तर ते तक्त्याखाली जसंच्या तसं छापावं.